अकरा नंबरची डोण

माझा उजवा हात भिंतीच्या आत होता आणि मी भिंतीच्या बाहेर.

पार खांद्यापर्यंत आत. गाल दगडाला चिकटलेला. दगड तापलेला. वैशाखातली दुपार आणि मी नऊ वर्षांचा. आतून कुणीतरी माझं मनगट धरलं होतं. कोण, ते दिसत नव्हतं.

"कुणाचा हात?" आतून आवाज आला.

आई माझ्यामागं उभी होती, कडेवर रिकामी घागर घेऊन. तिनं माझं नाव सांगितलं नाही. बापाचंही नाही. म्हणाली, "वस्तीचा हाय, धनी. लेकरू हाय. चुकलं."

आत कुणीतरी हसलं. मग मनगटाभोवती खरखरीत काहीतरी गुंडाळलं गेलं. काथ्याचं दावं. गाठ बसली. मी ओढून पाहिलं. हात येईना.

"मालक आल्याशिवाय सुटणार नाही. गप उभं राहायचं."

"व्हय, धनी," आई म्हणाली.

आम्ही उभे राहिलो. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. माझा हात जड झाला, मग मुंग्या आल्या, मग तो माझा राहिलाच नाही. आईनं घागर खाली ठेवली आणि माझं कोपर खालून धरून ठेवलं, खांदा ओढू नये म्हणून. दिवस कलेपर्यंत ती तशीच उभी होती.

भिंत इनामदारांच्या बागेची. न्हावऱ्याच्या शिवारात, उताराच्या अंगाला आमची वस्ती होती, तिच्या डोक्यावर ही बाग. बागेत बारव, हौद, कारंजं, दगडी पाट. बारवेचं पाणी आधी हौदात. हौदातून कारंज्याला, कारंज्यातून झाडांना, झाडांवरून गुरांच्या डोणीत. गुरं पिऊन उरलेलं एका दगडी कुंडीत. कुंडीच्या तळाला भिंतीतून आरपार एक भोक आणि भोकाबाहेर आमची डोण. तिथवर पाणी यायचं तेव्हा त्याला बागेतल्या सगळ्यांची ओळख झालेली असायची, बैलांच्या नाकासकट.

भोकाला आतून चिंध्यांचा बोळा. पाणी हवं असलं की बायांनी भिंतीवर दगड आपटायचा. तीनदा. ठक्, ठक्, ठक्. हाक मारायची नाही. आमचा आवाज आत जाता कामा नये, दगडाचा चालायचा. मग आतला गडी त्याच्या सवडीनं बोळा काढायचा.

त्या दिवशी सकाळपासून बाया दगड आपटून गेल्या. कुणी आलं नाही. मी काडीसारखा होतो, हात सहज जायचा. म्हटलं, आपणच ढकलावा बोळा. ढकलला. तेवढ्यात मनगट धरलं गेलं.

संध्याकाळी गडी गुरं घेऊन आला, त्यानं माझा हात पाहिला आणि बोंबलला. दावं कापलं. मालक आले. माझी बोटं कुंडीत गेली होती, कुंडी गुरांच्या डोणीला जोडलेली, म्हणजे डोण बाटली. ज्या डोणीत बैल शेंबूड सोडायचे ती माझ्या चार बोटांनी बाटली. मालकांनी हुकूम केला, सगळं पाणी सोडून द्या, डोण घासून घ्या.

पाणी सुटलं ते आमच्याच भोकातून. धो धो. वस्तीतल्या बाया घागरी, पातेली, डबे घेऊन धावल्या. भर उन्हाळ्यात, पाण्याचा ठणठणाट असताना, आमची वस्ती त्या संध्याकाळी अंग चोळून न्हाली. पुढं आठवडाभर म्हातारेकोतारे मला विचारायचे, "पुन्हा कवा घालतोस रं हात?"

आईनं मात्र घागर भरली नाही. रिकामीच घरी आणली.

ही गोष्ट मी गेली चाळीस वर्षं विनोदी म्हणून सांगत आलोय. बारशाला, साखरपुड्याला, सुट्टीत भाचरं जमली की. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं आहे. अंगात दुसरा गुण नसला की माणसाला हे खातं मिळतं. पोरं म्हणायची, "पप्पा, भिंतीची गोष्ट!" की मी उठून कपाटाला गाल लावायचो, हात मागं घालायचो, बैलासारखा फुरफुरायचो. वस्ती न्हाली तिथं आलो की सगळे लोटपोट. माझी बायको तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची.

आई तेवढी मध्येच उठायची. "भाकर करपल," म्हणायची. एकदा तर मंगल कार्यालयातल्या जेवणात उठली. तिथं कसली आलीय भाकरी? पण मी गोष्ट थांबवली नाही. लोक हसत होते ना.

रंगात आलं की मी तिचं "व्हय, धनी" गाळायचो. कोपर धरलेलंही गाळायचो. विनोद ढिला पडतो त्यानं.

एक गोष्ट मात्र माझ्या अंगातून गेली नाही. मी कुठलंही दार तीनदा वाजवतो. ऑफिसचं, बँकेचं, उघडं असलेलंही. घरी न्हाणी रिकामी असली तरी तिचं दार वाजवतो. बायको म्हणते, "आत कोण बसलंय, इनामदार?" मी हसतो. पण वाजवल्याशिवाय हात पुढं जात नाही. आणि कधी कधी मी वाजवलेलं नसतानाही ऐकू येतं. कुकर लावलेला असतो, टीव्ही चालू असतो, आणि भिंतीत कुठंतरी ठक्, ठक्, ठक्. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चांगली नोकरीधंद्याची माणसं असलं सांगत नाहीत.

धंदा माझा मोजणीचा. सरकारी नव्हे, खाजगी. सणसवाडीकडं कंपन्यांचे प्लॉट मोजतो, नकाशे काढतो. राहायला यवतला. यंत्र मी लावतो आणि समोर काठी धरून रामसजीवन उभा राहतो. तो उत्तर प्रदेशातल्या बलियाचा, माझ्याच वयाचा, वीस वर्षं माझ्यासमोर काठी धरून उभा आहे. बायकोपेक्षा जास्त वेळ मी त्याच्याकडं बघितलंय, तेही दुर्बिणीतून.

पुण्याच्या एका आर्किटेक्ट मॅडमचा फोन आला. जुनी बाग आहे, तिथं रिसॉर्ट होतंय, पाण्याची सगळी जुनी रचना मोजून नकाशावर हवी. प्रत्येक हौद, प्रत्येक पाट, नंबर टाकून. मी आधी हो म्हणालो आणि मग जागा विचारली. त्यांनी जागा सांगितली.

घरी आईला एवढंच म्हटलं, "न्हावऱ्याकडं काम आहे."

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पानी घरनं ने."

चौफुल्यावरून वळलो, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली. वस्ती आता तिथं नाही. घरकुलं झाली तशी माणसं रस्त्याकडं सरकली, जुन्या जागेवर बाभळी. भिंत तशीच. भिंतीबाहेर डोण तशीच, पाल्यानं भरलेली. मी गाडीतून उतरलोच नाही तिथं. सरळ फाटकानं आत गेलो. जन्मात पहिल्यांदा. फाटक सताड उघडं होतं तरी गंजक्या पत्र्यावर माझी बोटं तीनदा पडलीच.

"या सर, या," मालक म्हणाले. हे त्या मालकांचे धाकटे चिरंजीव. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठे. गोरेपान, हसतमुख, प्रत्येक वाक्याला सर. खुर्ची दिली, पाण्याची सीलबंद बाटली दिली. मी ती खुर्चीखाली ठेवली आणि घरची काढली. मला त्यांनी ओळखलं नाही. ओळखणार कसं? माझा चेहरा कधी भिंतीच्या आत गेलाच नव्हता.

कामाला लागलो. बारव, एक नंबर. तळाला पाणी नाही, कबुतरं. मोटेचं पाणी जिथं पडायचं ते थारोळं, दोन. मग जमिनीखालून भाजल्या मातीचे खापरी नळ. नळातली हवा सुटावी म्हणून मध्ये विटांचा उंच बुरूज बांधलेला, त्याला उसासा म्हणतात. रामसजीवननं उसाशाला टेकून बिडी काढली आणि तसाच थांबला.

"साहब, अंदर पानी चल रहा है."

"कैसे चलेगा? बावड़ी सूखी है."

"आप सुनिए."

मी कान लावला. पाणी नव्हतं. ठक्. ठक्. ठक्.

"हवा है," मी म्हणालो. रामसजीवननं बिडी पेटवली नाही, खिशात परत ठेवली.

दुपारपर्यंत पातळ्या घेतल्या. पाणी उताराकडं जातं, एवढंच माझं सगळं शास्त्र. लहानपणी मला वाटायचं, आम्ही खाली राहायचो म्हणून आम्हाला शेवटी मिळायचं. उताराचा दोष. आकडे बघितले तर उतार हौदापासून थेट आमच्या भिंतीकडं होता. सरळ नळ टाकला असता तर हौदाचं पाणी पहिल्यांदा आमच्याकडं आलं असतं, गुरांच्या आधी. तसं होऊ नये म्हणून पाट वळवला होता. दगड फोडून, चढ कापून, गोठ्याला वळसा घालून. आम्हाला उष्टं पाणी मिळावं म्हणून कुणीतरी केवढे कष्ट घेतले होते! मी वहीत आकडा लिहिला आणि दोनदा तपासला. तो बरोबर होता.

गुरांची डोण, दहा नंबर. तिच्याखाली, त्याच नंबरात, कुंडी. कुंडीच्या तळाला ते भोक, या बाजूनं. शेजारी दगडात बसवलेली लोखंडी कडी, जनावरं बांधायची. मालक सोबत चालत आले होते. कुंडीपाशी त्यांचा चेहरा खुलला.

"सर, इथली गंमत सांगू का? लहानपणी सुट्टीत आम्ही सगळी भावंडं इथं दबा धरून बसायचो. बाहेरून हात यायचे पाण्याला. खपाखप पकडायचे आणि ओळखायचं कुणाचा हात. एकदा तर एक पोरगं चांगलं गावलं. वासराचं दावं घेतलं, या कडीला बांधून टाकलं. मालक आल्याशिवाय सुटणार नाही म्हटलं, दम देऊन. तेवढ्यात आईनं जेवायला बोलावलं. रस होता. जेवलो, झोपलो, आणि विसरलोच!"

ते हसले. मोकळं, स्वच्छ हसले. पोटात काही नसलेला माणूस हसतो तसं.

आणि मी हसलो.

लिहिताना हात थांबतोय, पण लिहितो. मीही हसलो. कपाटाला गाल लावून चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर लोकांना हसवलं, ती पलीकडच्या बाजूनं ऐकली आणि सवयीनं हसलो. वर म्हणालो, "लहानपण ते लहानपण." रामसजीवन हसला नाही. त्याला मराठी कमी कळतं की जास्त, कोण जाणे.

मला वाटत आलं होतं, ती शिक्षा होती. कुणीतरी मोठ्या माणसानं, विचार करून, रागानं दिलेली. शिक्षेत निदान समोरच्याच्या मनात आपण असतो. इथं आम्ही कुणाच्या मनातच नव्हतो. रस वाढला आणि आम्ही भिंतीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सांगितलं. सगळं. कडी, रस, विसरले. तिचा चहा कपात थंड झाला.

"पोराचाच आवाज हुता त्यो," ती म्हणाली. "मला तवाच कळलं हुतं. बारक्या पोराला मी धनी म्हनलं."

तिनं कप बाजूला सारला.

"माझ्या कंबरंला इळा हुता."

"काय?"

"इळा. पानी घरी ठिवून गवताला जायाचं हुतं मला. आन् फाटक उघडं हुतं. आत जायाचं, दावं कापायचं, तुला घेऊन यायाचं. समदी दुपार मी त्या फाटकाकडं बघत हुते. न्हाई गेले." मग म्हणाली, "तू गोष्ट सांगतूस तवा मला इळाच दिसतो. लोकं हसत्यात."

मला माझ्या एकूण एक बारशाचं, एकूण एक साखरपुड्याचं हसू आठवलं. मोजणीदाराला जे येतं ते केलं. वही उघडली. फाटकापासून भोकापर्यंत भिंत मी आदल्याच दिवशी मोजली होती. एकेचाळीस मीटर. नऊ वर्षांचं पोरगंही अर्ध्या मिनिटात जाईल. आईकडं विळा होता, फाटक उघडं होतं, आत पोरं झोपली होती. कुणी अडवणारं नव्हतं आणि आम्ही दिवस कलेपर्यंत उभे होतो. दाव्यानं फक्त माझा हात बांधला होता. आईला कशानं बांधलं होतं?

"नकाशात हाय का आपली डोन?" तिनं विचारलं.

"आहे. अकरा नंबर."

"मंग ऱ्हाऊ दे. तेवढी एकच खूण हाय मी तितं उभी हुते म्हनून."

आठवड्यानं नकाशा घेऊन गेलो, गाडी रामसजीवन चालवत होता. मालकांनी तो झाडाखालच्या टेबलावर पसरला. कौतुक केलं. बोट फिरत फिरत अकरावर आलं. मी लिहिलं होतं: 'वस्तीची डोण. भिंतीबाहेर. गुरांचं उरलेलं पाणी आतून सोडलं जाई.'

"सर, एक रिक्वेस्ट. हे अकरा तेवढं काढून टाका ना. भिंतीबाहेर आपल्याला पार्किंग करायचंय. नकाशावर आलं की मॅडम म्हणणार, जपा. आणि हे असं वाचून पाहुण्यांचा मूड जातो. फार तर पक्ष्यांना पाण्यासाठी डोण असं लिहा."

पक्षी. आम्हाला पंख फुटले होते.

माझ्या तोंडात हो आलं होतं, खरं सांगतो. "बघतो" हा शब्द तर जिभेच्या टोकावर. पन्नाशीच्या माणसाची जीभ वळणाची झालेली असते. पण डोळ्यांपुढं विळा आला. आकडा खोडला की डोण फुटणार, वर गाड्या लागणार आणि आई दुपारभर जिथं उभी राहिली ती जागा जगात कुठंच उरणार नाही.

"मालक, जरा कुंडीपाशी उभे राहा," मी म्हणालो. "एक माप राहिलंय."

ते उभे राहिले. मी फाटकानं बाहेर पडलो आणि भिंतीच्या कडेनं चालत गेलो. एकेचाळीस मीटर. डोणीतला पाला उपसला. गुडघे टेकले, ते वाजले. हात भोकात घातला. भाकरी आणि वय, दोन्ही मनगटाला चढलंय, हात खांद्यापर्यंत कुठला जातोय! कोपराच्या अलीकडंच अडकला. पण भिंत दीड वीतच जाड. बोटं पलीकडं निघाली. पलीकडची हवा गार लागली. तेव्हाही लागली होती.

या वेळी मी दगड आपटला नाही. आवाज दिला.

"ओळखा. कुणाचा हात?"

आत काही हललं नाही. कबुतरं तेवढी घुमत होती. मी वाट बघितली, पण उत्तराची नाही. मीच उत्तर दिलं. माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. आडनाव सांगितलं. आणि म्हणालो, "सोबत माझी आई होती. तिचं नावही ऐका." तेही सांगितलं. मोठ्यानं, भोकाला तोंड लावून. आवाज आत गेला.

मग मीच माझा हात बाहेर काढला. कातडं सोलवटलं.

परत फाटकानं आत आलो. फाटक वाजवलं नाही. मालक कुंडीपाशीच होते. कडीकडं बघत.

"सर, आम्ही लहान होतो हो," ते म्हणाले.

"मीपण."

"काही मनात नव्हतं आमच्या."

"तेच तर. तुमच्या मनात काहीच नव्हतं."

ते टेबलापाशी परतले, नकाशाची घडी घातली. मग आवाज थोडा बदलला. "सर, तुम्ही नाही काढलंत तर मी दुसऱ्याकडून नकाशा करून घेईन. वाईट वाटून घेऊ नका."

"घ्या," मी म्हणालो. "माझी सही अकरा नंबरसकट मिळेल. अकरा काढायचा तर सही पण काढा. आणि एक प्रत मी मॅडमना पाठवलीय."

खोटं होतं ते. पाठवली नव्हती. फाटकाबाहेर आल्यावर गाडीत बसून पाठवली, मग खरं झालं. दुसरी प्रत ग्रामपंचायतीत दिली आणि पोच घेतली. रामसजीवननं गाडी सुरू करायच्या आधी माझ्या मनगटावर बाटलीतलं पाणी ओतलं. आईची बाटली होती.

मॅडमचा फोन अजून आलेला नाही. नकाशा दुसरा कुणी काढतही असेल, दहावर संपणारा. आता घरी भिंत वाजायची थांबली का? नाही. काल संध्याकाळीही वाजली. फरक एवढाच, की मी टीव्हीचा आवाज मोठा केला नाही. उठलो आणि पोरांना बसवलं. कपाटाला गाल लावला नाही. विळ्यापासून सुरुवात केली. उघडं फाटक सांगितलं, एकेचाळीस मीटर सांगितले, "व्हय, धनी" सांगितलं. कुणी हसलं नाही. आई शेवटपर्यंत बसून होती.

डोण फोडतील कदाचित. फोडू देत. तिचे अक्षांश-रेखांश माझ्या वहीत आहेत, आणि यंत्र माझ्या मालकीचं आहे. पार्किंग झालं की मी जाणार आहे, रामसजीवनला घेऊन, भर दिवसा, पाहुणे असताना. ती जागा मोजून काढणार, तिथं काठी उभी करणार. त्या जागेवर ज्याची गाडी असेल त्याला ती हलवायला लावणार.

तिथं माझी आई उभी आहे.